वाळण्याची वेळ

पहाटे पाच

कार्तिक सरता सरता आमच्या कडा गावाचं आकाश वर्षातलं सगळ्यात स्वच्छ असतं. पावसाळ्याचा दमटपणा गेलेला आणि उन्हाळ्याची धूळ अजून उठायची असते. पाचच्या सुमाराला गच्चीवर गेलं की मृग पश्चिमेकडे कललेला दिसतो, दक्षिणेच्या अंगाला व्याध. पूर्वेला चित्रा आणि स्वाती नुकत्याच वर आलेल्या. आणि बरोबर डोक्यावर पुष्य. पुष्यात डोळ्यात भरावा असा एकही तारा नाही. त्याच्यालगत एक धूसर डाग तेवढा आहे, तो खरं म्हणजे तारकागुच्छ. त्याच्याकडे रोखून पाहिलं की तो विझतो, नजर जराशी बाजूला नेली की उमटतो. बुबुळासमोरच्या पेशी रंग ओळखण्यात पटाईत, पण अंधारात निकामी. कडेच्या पेशींना रंग कळत नाही, मंद उजेड मात्र कळतो. म्हणून आडनजरेनं पाहायचं.

खाली रानात दोन-तीन बॅटऱ्या हलत असतात. मोटारीला रात्रीची लाइट असली की कांद्याला पाणी द्यायला माणसं जागीच असतात. त्यांना पुष्याचं काही पडलेलं नसतं. बारं कुठं फुटलं ते बघण्यात त्यांचं लक्ष.

मी इथलाच. शाळेत चित्रकला शिकवत नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता दिवसभर अमूर्त चित्रं करतो. विषय विचारला की ‘ब्रह्मांड’ असं सांगून सुटका करून घ्यायची सवय लागली होती, ती अलीकडे मोडत आणलीय. कारण तो शब्द ऐकला की समोरच्याच्या डोळ्यांसमोर जांभळे-गुलाबी ढग येतात. ते ढग अवकाशात कुणाच्याही डोळ्याला तसे दिसणार नाहीत. हबल दुर्बीण टिपते ती छायाचित्रं काळी-पांढरीच असतात. निरनिराळ्या फिल्टरमधून घेतलेल्या प्रती एकावर एक ठेवून त्यांना रंग दिले जातात. १९९५ सालचं ते गाजलेलं चित्र, गरुड तेजोमेघातले धुळीचे खांब, त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा असे रंग वाटून दिलेले आहेत. यात फसवणूक काही नाही, शास्त्रज्ञांना त्यातून नेमकी माहिती मिळते. पण चित्रकारानं त्या रंगांची नक्कल करायची म्हणजे दुसऱ्यानं रंगवलेलं चित्र पुन्हा रंगवायचं. मला गच्चीवरून दिसतं ते आकाश करडं आहे, आणि त्या करड्याचे किती प्रकार असू शकतात हेच माझं काम होऊन बसलंय.

साडेसहा

खाली उतरेपर्यंत हिनं चहा ठेवलेला असतो.

“अहो, ती तेलकट फडकी परत तुळशीच्या कट्ट्यावर वाळत घातलीत.”

“गोळा करून ठेवली तर पेट घेतील.”

“मग दुसरीकडं पेटवा.”

हे भांडण जुनं आहे आणि दोन्ही बाजू बरोबर आहेत. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि घट्ट होतं, आणि तसं होताना उष्णता सोडतं. तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतली ऊब साठत जाते आणि ती आपोआप पेटू शकतात. म्हणून एकेक फडकं सुटं पसरायचं. अख्ख्या घरात सकाळचं ऊन पहिल्यांदा तुळशीपाशी येतं, याला माझा इलाज नाही.

स्टुडिओ म्हणजे जुन्या माळवदाच्या खोलीला लागून काढलेली पत्र्याची पडवी. उत्तरेकडच्या उतारावर एक पत्रा फायबरचा टाकलाय, त्यातून दिवसभर एकसारखा उजेड येतो. चित्रं भिंतीकडे तोंड करून, जरा पुढं झुकवून ठेवलेली. ओल्या रंगावर धूळ बसते, चिलटं चिकटतात, म्हणून ही व्यवस्था. सकाळी एक चित्र उलटवायचं, समोर खुर्ची टाकायची आणि बसायचं. ब्रश हातात घ्यायचा नाही. करंगळीच्या कडेनं कोपरा तपासायचा, चिकटतो का ते पाहायचं आणि परत बसायचं.

या बसण्याची लाज वाटायची तेव्हा चित्रकार वासुदेव गायतोंडे कामाला आले. नागपूरला १९२४ साली जन्मलेले, जे. जे.तून १९४८ साली डिप्लोमा घेतलेले गायतोंडे पुढं दिल्लीत निजामुद्दीनच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले. वर्षाकाठी चित्रं किती, तर जेमतेम पाच-सहा. बाकीचा वेळ काय करत होते, याचं उत्तर त्यांच्याबद्दल लिहिणारे सगळे जवळपास एकच देतात: बसून असायचे. त्यांच्या झेनच्या ओढीबद्दल, रमण महर्षींबद्दल आणि मुंबईत खेतवाडीतल्या माळ्यावर बसून बोलणाऱ्या, विड्यांचं दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. ते सगळं खरं असेल. पण चित्र करणारा माणूस त्या खुर्चीकडे पाहतो तेव्हा त्याला आधी एक साधी गोष्ट दिसते. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा देता येत नाही. तैलरंगात घाई केली तर वरचा थर आधी आखडतो, खालचा मागून हलतो आणि वर्षभरात भेगा पडतात. ध्यानाला बसलेला माणूस आणि रंग वाळायची वाट बघणारा माणूस लांबून अगदी सारखे दिसतात. जवळून सारखे आहेत की नाहीत, हे गायतोंड्यांनी कधी सोडवून सांगितलं नाही आणि ते बरंच केलं.

आठ वाजता

आता रंग. दिवसातला हा वेळ माझा सगळ्यात आवडता, त्यामुळं त्यावर जरा जास्त बोलणार.

आमच्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले दत्तभक्त. गीतेवर ‘गीतार्णव’ नावाची प्रचंड टीका लिहिणारे. रोज ढबू पैशाची शाई संपेल एवढं लिखाण ते करायचे, असं सांगतात. त्यांनी कागद सोडून एकदा पांघरायच्या जाड कापडावर लिहिलं. चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद, म्हणजे जवळजवळ चाळीस फुटांचं कापड, आणि त्यावर विषय घेतला पंचीकरणाचा. सृष्टी कशी बनली ते कापडावर मांडायचं. चारशे वर्षांपूर्वी, मराठवाड्यात. अमूर्त चित्रकलेचा इतिहास सांगताना मंडळी थेट युरोपात जातात, तेव्हा मला या कापडाची आठवण होते. त्याला चित्र म्हणायला कुणी धजणार नाही. पण एवढा मोठा पन्ना समोर अंथरून त्यावर विश्वाची जुळणी लिहायला बसलेला माणूस माझ्या धंद्यातला नाही, असं मी तरी म्हणणार नाही.

पंचीकरण म्हणजे काय, तर आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही पाच भूतं सूक्ष्म असतात तेव्हा सुटी असतात. ती स्थूल होताना एकमेकांत मिसळतात आणि मिसळण्याचं माप ठरलेलं आहे. प्रत्येकात निम्मा भाग स्वतःचा आणि उरलेल्या निम्म्यात बाकीच्या चौघांचा आठवा-आठवा हिस्सा. म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीत अर्धी पृथ्वी, आणि आप, तेज, वायू, आकाश प्रत्येकी एक अष्टमांश. वेदान्त शिकवणारे हे विवेकासाठी शिकवतात. मी ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला ती सरळ रंग कालवण्याची कृती वाटली.

तर तसं करून पाहायचं. परंपरेत भूतांचे रंगही सांगितलेत, संप्रदायागणिक थोडे इकडे-तिकडे. मी धरले ते असे: पृथ्वी पिवळी, म्हणून रामरज. आप पांढरं, म्हणून जस्ताची सफेदी. तेज लाल, म्हणून गेरू. वायू निळा, म्हणून अल्ट्रामरीन. आकाश काळं, म्हणून काजळी. सगळी कोरडी पूड घेतली, चहाच्या चमच्यानं मोजली, काचेवर जवसाच्या तेलात सुरीनं घोटली. चार चमचे स्वतःचा, एकेक चमचा बाकीच्यांचा.

पृथ्वी बिघडली. पिवळ्यात काळं पडलं की ते हिरवट होतं हे कुठल्याही शाळकरी पोराला माहीत आहे. पण एक चमचा काजळीनं चार चमचे रामरज पार गिळून टाकली. काजळी वजनाला काहीच नसते, फुंकली तर उडेल, आणि रंगवायची ताकद राक्षसाची. सफेदी उलट, चमचाभर जड आणि स्वभावानं गरीब. म्हणजे अष्टमांश कशाचा धरायचा, आकारमानाचा, वजनाचा की ताकदीचा? आचार्यांना हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. मला पडला आणि त्याच्यावर माझे बरेच महिने गेले. आता मी ताकदीचं माप धरतो. काजळी सुरीच्या टोकावर येईल एवढीच, गेरू अर्धा चमचा, सफेदी हात सैल सोडून. डोळ्याला अष्टमांश वाटेल इतकं.

असं केलं की पाच रंग तयार होतात, आणि त्यांच्यातला एकही शुद्ध नसतो. पृथ्वी शेवाळी, आप फिक्या राखाडीचं, तेज विटेचं, वायू पाटीच्या दगडाचा, आकाश जवळजवळ काळं पण पुरतं काळं नाही. काचेवर ते शेजारी-शेजारी ठेवले की एकमेकांशी भांडत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटात बाकीचे चार आहेत. जुने चित्रकार सगळ्या रंगांत एखादा समान रंग थोडा-थोडा घालून चित्र बांधून घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथं समान रंग एक नसून पाचही आहेत. आणि गंमत म्हणजे ब्रह्मांड कालवायला बसावं आणि हाताला लागावे ते आष्टी तालुक्याचे रंग. मुरूम, काळी, पावसात भिजलेला दगड, जळलेलं पाचट.

गेरूला लाल करणारं लोखंड असतं. विश्वाच्या सुरुवातीला हायड्रोजन, हेलियम आणि चिमूटभर लिथियम सोडलं तर जवळजवळ काही नव्हतं. लोखंड नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटात तयार झालं. काजळीतला कार्बनही ताऱ्यांतलाच. वाण्याकडून पुडीत बांधून आणलेल्या गेरूबद्दल हे माहीत असलं की चित्राला काही फायदा होत नाही. मला मात्र बरं वाटतं.

साडेदहा

उजेड आता पक्का. चित्र चार बाय पाच फुटांचं आहे. पोळ्याच्या सुमाराला त्यावर पहिला निळा हात दिला, टर्पेंटाइननं पातळ केलेला. त्यावर तेज, त्यावर पुन्हा वायू. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हा नियम मोडायचा नाही. आज वर आप द्यायचं.

ब्रशचं काम कमी. छापखान्यातला एक जुना रबरी रोलर आहे, त्यानं रंग फिरवतो. रोलरला हाताचं वळण कळत नाही, म्हणून तो मला आवडतो. ब्रशानं मारलं की माझा स्वभाव उमटतो, आणि माझा स्वभाव इतका काही बघण्यासारखा नाही. पाऊण चित्रावर आप पसरलं की कोरा खाकी कागद फाडून ओल्या रंगावर दाबायचा, पाठीवरून तळहात फिरवायचा आणि एका दमात उचलायचा. कागद तेल पितो, थोडा रंग घेऊन येतो, मागे खालच्या थराचा एक तुकडा उघडा पडतो. गायतोंडे असेच कागद वापरत, मासिकांतले कापून. त्यांच्या चित्रांतल्या त्या न वाचता येणाऱ्या लिपीसारख्या खुणा पुष्कळदा अशा उचललेल्या आहेत. मी वर्तमानपत्र वापरून पाहिलं तर रंगात उलट्या अक्षरांत बाजारभाव उमटले.

उचलताना हाताला कळतं. कागद सहज सुटला तर रंग फार ओला आहे, खूण पसरेल. कुरकुरत, जरा ओढून सुटला तर बरोबर. फाटला तर उशीर झाला. ही वेळ थंडीत तासाभराची असते आणि मे महिन्यात दहा मिनिटांची, म्हणून मी उन्हाळ्यात मोठी चित्रं घेत नाही.

आज डाव्या अंगाला एक तुकडा फार छान उघडला. खाली विटेचा रंग, त्याच्या कडेला निळ्याची जेमतेम ओळ. त्याच्याच खाली एक चिलट येऊन बसलं आणि अडकलं. सुईनं काढलं. पाय राहिला. राहू दे.

एक वाजता

पत्रा तापून तडतडायला लागला की थांबायचं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. वामकुक्षी. यात सांगण्यासारखं काही नाही.

अडीच

झोप मोडली ती फोननं. एका शहरातल्या गॅलरीत सामूहिक प्रदर्शन आहे, तिथल्या मॅडम. चांगल्या आहेत, कामसू आहेत.

“सर, दीडशे शब्दांत तुमचं स्टेटमेंट हवंय. कॉस्मिक आणि स्पिरिच्युअल हे दोन्ही शब्द आले तर बरं. लोक तेच शोधतात.”

लोक शोधतात हे खरं आहे. २०१५ साली मुंबईतल्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २९ कोटींवर गेलं, आणि तेव्हापासून करड्या चित्राखाली ‘मौन’ लिहायची लाट आली. या शब्दांशी माझं वैर नाही. त्यांना फार स्वस्त करून टाकलंय, एवढीच तक्रार. १९०५ साली ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी विचारांचे आकार आणि रंग दाखवणारं पुस्तक काढलं. थिऑसॉफीची ती मंडळी, त्यांचं मुख्यालय मद्रासला अड्यारला. त्या विचारांचं वारं कँडिन्स्कीला लागलं, माँड्रियन तर १९०९ साली त्या सोसायटीचा सभासदच झाला. कलेतल्या आत्मिक तत्त्वाबद्दलचं कँडिन्स्कीचं पुस्तक १९११ अखेरीस निघालं. म्हणजे अमूर्ताच्या युरोपीय मुळांना आपल्याकडच्या वेदान्ताचं पाणी थोडं का होईना घातलेलं आहे. पुढं ते परत आपल्याकडे इंग्रजी कॅटलॉगमधून आलं आणि आपण ते परदेशी माल म्हणून घेतलं.

आणि आमच्याकडे तरी काय कमी आहे? मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात ते सावरगावचं मायंबा आमच्याच तालुक्यात. ज्यांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला त्या गहिनीनाथांचा गड शेजारच्या पाटोदा तालुक्यात. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद आमच्या वाहिऱ्याचे. चांद बोधल्यांचे शिष्य, जन्मानं मुसलमान आणि मराठी संतांच्या पंक्तीत मानानं बसलेले. पिंडी ते ब्रह्मांडी हे इथं अडाणी माणूसही सहज बोलून जातो. पण हे सगळं स्टेटमेंटमध्ये टाकलं की मी त्या गडांच्या जिवावर माझं चित्र विकायला निघालो, असं होतं. ते मला जमत नाही.

एकदा शाळेची सहल घेऊन खोडदला गेलो होतो, जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. तिथं गोविंद स्वरूपांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण आहे. ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, तारांच्या जाळीची. पोरांना वाटलं आत गेल्यावर तारे दाखवतील. आत पडद्यावर वर-खाली होणारी एक रेघ होती. पोरं हिरमुसली. मी त्या रेघेपुढं उभा राहिलो तो राहिलोच. एवढ्या लांबून, एवढ्या काळापूर्वी निघालेलं काहीतरी येतंय आणि त्याला चेहरा नाही, रंग नाही. त्यानंतर चित्रात वर्तुळं काढायची माझी खोड बरीच कमी झाली. बिंदू चित्रकार रझांनी काढावा. त्यांनी तो लहानपणी शाळेच्या भिंतीवर मास्तरांच्या सांगण्यावरून टक लावून पाहिला होता, त्यांचा त्याच्यावर हक्क आहे.

स्टेटमेंटचा कागद चार वाजेपर्यंत कोराच.

चार

पोरं येतात. फी नाही, गोंधळ आहे. दिवाळीनंतर संख्या कमी होते, कारण आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला गेलेली असतात, काही पोरं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. राहिलेल्यांना मी एकच काम देतो: दोन रंग घ्या आणि त्यांच्यामधले दहा रंग करा. पहिल्या दिवशी कंटाळतात. मग चुरस लागते, कुणाचा सातवा आणि आठवा वेगळा दिसतो यावर भांडणं होतात. ते झालं की काय हवं ते काढा म्हणतो, आणि सगळे ट्रॅक्टर काढतात. दोन ट्रॉल्यांचा, वर उसाची मोळी, टेपरेकॉर्डरचे कर्णे. गेल्या काही वर्षांत आगगाडीही येऊ लागलीय. २०२२ साली नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन झालं. पोरांच्या चित्रांत तिला खिडक्या फार असतात.

एकानं आत डोकावून विचारलं, “सर, हे कधी पुरं होणार?”

“वाळलं की.”

“वाळल्यावर काय करणार?”

“वरून परत रंग लावणार.”

त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला घरातही ओळखीची आहे.

साडेपाच

फायबरच्या पत्र्यातला उजेड निळा पडतो आणि आप एकदम वर येतं. संध्याकाळी पांढरे रंग पुढं सरकतात, तांबडे मागं जातात. याच वेळी चित्राची चूक कळते, म्हणून हा अर्धा तास सोडायचा नाही. आज उजव्या खालच्या कोपऱ्यात एक जागा फार बोलकी वाटली. उद्या तिच्यावर पातळ आकाश फिरवायचं.

शेजारच्या वस्तीवरचे भाऊ शिडी मागायला आले. दारातूनच पाहिलं.

“सर, हे मागं बी हितंच व्हतं की. पोळ्याला आल्तो तवा.”

“तेव्हा निळं होतं.”

“आता बी हाय की निळं. खाली हाय.” बोटानं डावं अंग दाखवलं, दुपारी कागदानं उघडलेलं. मग लगेच, “शिडी किती फुटी हाय? धा पुरायची न्हाई मला.”

शिडी बारा फुटी आहे. ती घेऊन ते गेले. कांद्याचं रोप यंदा किती जळालं, ते जाता जाता सांगून गेले.

सात

ब्रश कमी असले तरी धुवावे लागतातच. आधी रॉकेल मिळायचं तेव्हा सोपं होतं, आता टर्पेंटाइनच वापरावं लागतं आणि ते महाग. वापरलेलं टर्पेंटाइन बरणीत ठेवलं की दोन दिवसांत रंग तळाला बसतो, वरचं नितळ परत घ्यायचं. तळाचा गाळ मी फेकत नाही. त्यात महिन्याभराचे सगळे रंग असतात, पाचही भूतं, कुठलंही माप नसलेली. त्याचा जो करडा होतो तो मला काचेवर मोजून कधीच साधलेला नाही. नव्या कॅनव्हासला पहिला हात त्याचाच देतो.

रोलर पुसला, सुरी पुसली, काच घासली. चित्र उलटं करून भिंतीला लावलं. फडकी यावेळी मागच्या दारी दोरीवर टाकली, तुळशीपासून लांब.

नऊ

जेवण झाल्यावर बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ उघडलं. प्रभाकर बरवे गेले १९९५ साली, साठीही गाठली नव्हती. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत ते काही वर्षं बनारसला होते, तिथं तंत्रमार्गाच्या आकृत्या त्यांच्या चित्रांत शिरल्या. पुढं त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि पान, घड्याळ, ढग, कात्री असल्या वस्तूंकडे वळले. तंत्राच्या यंत्रांना तेव्हा बाजार चांगला होता. ते सोडून कात्रीकडे वळायला धाडस लागतं. आपल्याकडे चित्रकार लिहीत नाहीत, ही तक्रार करणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावं. त्यात मोठे शब्द शोधून सापडत नाहीत.

ते मिटलं आणि स्टेटमेंट लिहून टाकलं. चार चमचे एक, एकेक चमचा बाकीचे चार. काजळी सुरीच्या टोकावर. रामरज, गेरू, जस्त, अल्ट्रामरीन, जवसाचं तेल. थर किती, प्रत्येकाला वाळायला किती लागलं, तेही. दासोपंतांचं नाव आणि पासोडीची लांबी. दीडशे शब्द झाले नाहीत, साठ-सत्तर झाले. मोबाइलवर पाठवलं.

मॅडमचं उत्तर लगेच आलं: “छान आहे सर, वेगळं आहे. आकाशाकडे बघतानाचा एक फोटो पाठवाल का?”

फोटो नातू आला की काढू. उद्या सकाळी मिस्त्री सागाच्या पट्ट्या घेऊन येणार आहे, पाच बाय सहाच्या चौकटीसाठी. कोपरे खाचेत बसवून घ्यायचेत, नुसते खिळे नकोत असं त्याला बजावलंय. त्याचे मागच्या वेळचे पैसे द्यायचे राहिलेत, ते आत्ताच पाकिटात घालून ठेवतो.